दिगंशाचें वर्तुळ

चांद्याच्या अरण्यप्रदेशांत माणिकगड किल्ल्याच्या परिसरांत गडचांदूर हें गांव आहे. तेथून वायव्येकडे सरळ रेषेनें सुमारें शंभर किलोमीटर गेलें कीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट लागतें. कापसाच्या व्यापाराविषयीं या गांवाची ख्याति सर्वांस ठाऊक आहे. परंतु पृथ्वीच्या मोजणीच्या इतिहासांतहि त्याला स्थान आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत राहिलेली नाहीं. २० जानेवारी १८२३ रोजीं कर्नल विल्यम लॅम्बटन यांचा येथें मृत्यु झाला. मोजणीचा तळ हैदराबादेहून नागपुरास हलवीत असतां वाटेंतच त्यांना मरण आलें, आणि त्यांची कबर याच गांवीं आहे. हिंदुस्थानची दक्षिणोत्तर लांबी त्रिकोणांच्या साखळीनें मोजण्याचें काम त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ चालविलें होतें. या साखळीला पुढें ‘ग्रेट आर्क’ म्हणजे ‘महाचाप’ असें नांव मिळालें. रेखांशाच्या ७८ व्या अंशाच्या आसपास, म्हणजे चांद्याच्या पश्चिमेकडून, ती निजामाच्या मुलखांतून वऱ्हाडांत व तेथून माळव्याकडे गेली आहे.

या कामांतील लॅम्बटन यांचें मुख्य यंत्र एकदां आदळून वांकलें होतें, आणि त्यांनीं स्वतः तें दुरुस्त केलें होतें. दुरुस्त झालेलें यंत्र खरी दिशा दाखवितें हें कशावरून समजावयाचें, हा प्रश्न त्या दिवसापासून मोजणीच्या मागें लागला तो वऱ्हाडापर्यंत आला, आणि लॅम्बटन यांच्या मृत्यूनंतरहि कित्येक वर्षें सुटला नाहीं. आजच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणींची दुरुस्ती झाली म्हणजे हाच प्रश्न जसाच्या तसा पुन्हां उभा राहतो. म्हणून या दोन यंत्रांची हकीकत एकत्र सांगण्यासारखी आहे.

क्षितिजावरील उत्तर बिंदूपासून पूर्वेकडे मोजीत गेल्यास एखाद्या वस्तूच्या दिशेचा जो कोन येतो त्याला दिगंश म्हणतात. क्षितिजापासून वर मोजलेल्या कोनाला उन्नतांश म्हणतात. या दोन आंकड्यांनीं जमिनीवरील अगर आकाशांतील कोणत्याहि वस्तूची दिशा नक्की सांगतां येते. म्हणून दिशा दाखविणाऱ्या मोठ्या यंत्राच्या तळाशीं बहुधा एक आडवें वर्तुळ असतें. यंत्र त्यावर फिरतें, आणि तें किती फिरलें हें त्या वर्तुळावरून वाचावयाचें. हें वर्तुळ खरें गोल नसलें, सपाट नसलें, अथवा त्याचा मध्य आणि फिरण्याचा आंस एका जागीं नसले, तर यंत्र वरून कितीहि सुबक दिसो, तें चुकीची साक्ष देतें. त्यांतहि सर्वांत घातक गोष्ट अशी कीं तें प्रत्येक दिशेला निराळी चूक करतें.

लॅम्बटन यांचें थिओडोलाइट लंडनचे कारागीर विल्यम केरी यांनीं बनविलें होतें. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच व उभ्या वर्तुळाचा १८ इंच होता. वजन अर्ध्या टनाच्या घरांत होतें. तें हिंदुस्थानाकडे येत असतां जहाज फ्रेंचांच्या हातीं सांपडलें आणि यंत्र मॉरिशसला गेलें; परंतु शास्त्राच्या कामाची वस्तु म्हणून फ्रेंचांनीं तें सन्मानानें पुढें पाठवून दिलें. १८०२ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासेजवळील सेंट थॉमस टेकडीच्या बाजूस साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास आरंभ झाला. अशी पायारेषा एकदां काळजीपूर्वक मोजली म्हणजे जमिनीवर अंतर मोजण्याचें काम क्वचितच करावें लागतें. बाकी सर्व भार कोनांवर असतो. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले कीं उरलेल्या बाजू गणितानें निघतात, आणि त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाची पायारेषा होते. पण याच कारणानें एका कोनांतील चूक पुढच्या सर्व त्रिकोणांत वाहत जाते.

ही चूक किती लहान असली पाहिजे याची कल्पना एका उदाहरणानें येईल. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. तीस मैलांवरच्या निशाणाकडे पाहतांना एका विकलेची चूक झाली तर तेथें सुमारें नऊ इंचांचा फरक पडतो. आणि ३६ इंची वर्तुळाच्या कडेवर ही एक विकला मिलिमीटरच्या हजार भागांपैकीं जेमतेम दोन भागांएवढी असते. माणसाच्या डोक्याचा केस त्याहून निदान वीसपट जाड असतो. इतकी सूक्ष्म रेघ ज्या वर्तुळावर वाचावयाची, तें वर्तुळ आघातानें वांकलें तर काय अनर्थ होईल हें निराळें सांगावयास नको.

तो अनर्थ १८०८ सालीं तंजावरास घडला. त्या वेळीं तेथें सरफोजी राजे भोसले गादीवर होते. कावेरीचा तो मुलूख सपाट. दूरवर दृष्टि टाकावयास डोंगर नाहीं. म्हणून देवळांच्या शिखरांचा आधार घ्यावा लागे. दोर आणि कप्प्या लावून थिओडोलाइट तंजावरच्या मोठ्या देवळावर चढविलें जात असतां आधाराचा एक दोर तुटला आणि तें जड यंत्र भिंतीवर आदळलें. वर्तुळाचें कडें वांकलें, आरेहि वांकले. इंग्लंडहून दुसरें यंत्र यावयाचें तर त्यांत वर्षें जाणार होतीं.

पुढें काय झालें याची हकीकत लॅम्बटन यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं लिहून ठेवली आहे. लॅम्बटन यांनीं यंत्र तंबूंत नेलें व मुख्य कारागिरांवांचून कोणालाहि आंत येऊं दिलें नाहीं. एका मोठ्या सपाट फळीवर त्यांनीं हव्या त्या मापाचें अचूक वर्तुळ कोरलें. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या यांच्या साहाय्यानें धातूचें कडें थोडें थोडें ओढून त्या आकाराशीं जुळविलें. वांकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनीं ठोकून सरळ केले. सहा आठवडे हें काम चाललें होतें. शेवटीं वर्तुळ जवळजवळ आपल्या मूळ आकारावर आलें, आणि मोजणी पुन्हां सुरू झाली.

‘जवळजवळ’ हा शब्द येथें फार महत्त्वाचा आहे. ओढूनताणून गोल केलेल्या कड्यावरील रेघा पूर्वीच्या अंतरावर राहिल्या असतील असें कोणीहि छातीठोकपणें सांगूं शकत नव्हतें. तरीहि अशा यंत्राकडून खरें काम करून घेण्याच्या युक्त्या मोजणीशास्त्राजवळ आहेत. वर्तुळाचा मध्य किंचित् सरकला असेल तर समोरासमोर बसविलेल्या दोन सूक्ष्मदर्शकांतून वाचन घ्यावें. एका बाजूला जितकें अधिक येतें तितकेंच दुसऱ्या बाजूला उणें येतें, आणि सरासरींत दोष नाहींसा होतो. दुर्बीण आंसाशीं काटकोनांत नसेल तर ती उलटी फिरवून दुसऱ्या तोंडानें तेंच निशाण पाहावें. रेघाच कमीअधिक अंतरावर असतील तर वर्तुळ थोडें थोडें फिरवून तोच कोन निरनिराळ्या भागांवर मोजावा. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश आणि पृथ्वीच्या गोलाईमुळें येणारी अल्प वाढ एवढीच आली पाहिजे. ती तशी आली नाहीं तर यंत्रानें किंवा माणसानें चूक केली हें तत्काळ कळतें.

उत्तर दिशेचा आरंभबिंदु मात्र जमिनीवर सांपडत नाहीं. तो आकाशांतूनच घ्यावा लागतो. ध्रुव तारा अगदीं ध्रुवस्थानीं नाहीं. तो त्याभोंवतीं एक लहानसें वर्तुळ काढतो. त्या वर्तुळाच्या पूर्व अगर पश्चिम टोकाशीं तो आला म्हणजे त्याची आडवी गति क्षणभर थांबल्यासारखी दिसते. त्या वेळीं तारा आणि दूरवर ठेवलेला दिवा यांमधील कोन मोजला कीं त्या दिव्याचा दिगंश निश्चित होतो, आणि मग सर्व साखळीला दिशा मिळते. अशा रीतीनें यंत्राची परीक्षा यंत्रानें न करतां ताऱ्यानें करावयाची असते.

एव्हरेस्ट १८१८ सालीं लॅम्बटन यांचे साहाय्यक म्हणून नेमले गेले. गोदावरी व कृष्णा यांच्यामधील अरण्यांत काम करीत असतां १८१९ सालीं तापाच्या सांथीनें त्यांच्या पथकाला गांठलें. स्वतः एव्हरेस्टहि त्यांतून मरतां मरतां वांचले. डोंगरमाथ्यावर निशाण धरून दिवसचे दिवस बसणारे, रात्रीं दिवा पेटता ठेवणारे आणि अर्ध्या टनाचें यंत्र चढणीवर वाहून नेणारे खलाशी व हमाल यांचीं नांवें मोजणीच्या ग्रंथांत क्वचितच आढळतात. पण त्यांतील कित्येकांनीं या कामीं प्राण दिले. १८२३ मध्यें लॅम्बटन यांच्यामागें मोजणीचीं सूत्रें एव्हरेस्ट यांच्या हातीं आलीं. प्रकृति खालावलेली असतांहि त्यांनीं साखळी वऱ्हाडांतील टाकळखेड्यावरून माळव्यांतील सिरोंजपर्यंत नेली, आणि १८२५ मध्यें ते इंग्लंडास परतले.

१८३० सालीं ते परत आले ते नवीं यंत्रें घेऊन. शिवाय हेन्री बॅरो हे यंत्रकारहि हिंदुस्थानांत आले. बॅरो यांनीं कलकत्त्यास लॅम्बटन यांचें जुनें थिओडोलाइट खोलून दुरुस्त केलें आणि त्याच्या वर्तुळावर अंशांच्या रेघा नव्यानें आंखल्या. त्यांच्यामागून यंत्रकाराच्या जागीं अर्काटचे मीर मोहसीन हुसेन आले. परदेशांत जाऊन शिक्षण न घेतांहि त्यांनीं या कलेंत जें प्रावीण्य मिळविलें त्याची एव्हरेस्ट यांनीं मोकळ्या मनानें प्रशंसा केली आहे. गणकांच्या खोलींत त्याच सुमारास, १८३१ सालीं, राधानाथ सिकदार दाखल झाले होते.

परंतु यंत्र दुरुस्त झालें एवढ्यानें एव्हरेस्ट यांचें समाधान झालें नाहीं. जुन्या कामाचें काय, हा प्रश्न शिल्लक होता. सिरोंजची पायारेषा १८३७ मध्यें नव्या साधनांनीं पुन्हां मोजण्यांत आली. देहराडूनच्या पायारेषेवरून त्रिकोणांच्या द्वारें काढलेली तिची लांबी आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघ्या कांहीं इंचांचा फरक निघाला. मग सिरोंजपासून दक्षिणेकडे बीदरपर्यंतची साखळी नव्यानें मोजली गेली, आणि लॅम्बटन यांच्या वेळीं १८१५ सालीं मोजलेली बीदरची पायारेषा १८४१ मध्यें पुन्हां मोजण्यांत आली. चांद्याच्या पश्चिमेस वऱ्हाडांतून जाणारा जो पट्टा एकदां वांकून सरळ केलेल्या यंत्रानें मोजला होता, तोच पट्टा असा दुसऱ्यांदा मोजला गेला.

हिंगणघाटच्या मातींत विसांवलेल्या माणसाच्या श्रमांची ही अवहेलना होती काय? तसें म्हणतां येणार नाहीं. लॅम्बटन यांनीं सहा आठवडे खपून यंत्र वांचविलें नसतें तर साखळी तंजावरासच खुंटली असती. पण दुरुस्ती ही एक गोष्ट आणि तिची परीक्षा ही दुसरी. पहिली धैर्याचें काम आहे. दुसरीला आपल्याच कामावर शंका घेण्याची तयारी लागते. मोजणीच्या इतिहासाला दोहोंचीहि गरज पडली.

आतां महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाकडे वळावें. पुणें जिल्ह्यांत, नारायणगांवापासून जवळ, खोडद या गांवीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेची विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिची कल्पना व उभारणी यांचें श्रेय गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्याकडे जातें. जुनीं साधनें पुन्हां उपयोगांत आणण्याचा अनुभव त्यांना तरुणपणींच आला होता : सिडनीजवळच्या वेधशाळेंतून मिळालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या कल्याण येथें बसवून १९६५ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूर्याचे वेध घेतले होते. खोडदची दुर्बीण ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे. त्यांपैकीं १४ मध्यवर्ती भागांत दाटीनें आहेत, आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या शाखांवर आहेत. शेवटच्या टोकांमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. ४ ऑक्टोबर २००१ रोजीं ही दुर्बीण जगांतील शास्त्रज्ञांस अर्पण करण्यांत आली.

येथें भिंगें नाहींत. पोलादी तारांच्या जाळीवर आकाशांतील रेडिओलहरी परावर्तित होऊन एका बिंदूपाशीं जमतात. परंतु दिशेचें तत्त्व थिओडोलाइटाचेंच आहे. काँक्रीटच्या मनोऱ्याच्या माथ्यावर ३.६ मीटर व्यासाचें एक फिरतें कडें आहे. सर्व तबकडी त्यावर दिगंशाच्या दिशेनें फिरते, आणि दुसऱ्या आंसावर वर-खालीं होते. लॅम्बटन यांच्या वर्तुळाच्या चौपट व्यासाचें हें वर्तुळ अनेक टनांचा भार पेलतें. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा माणूस मात्र येथें नाहीं. आंसाला जोडलेलें विद्युत्‌यंत्र कोन वाचून गणकयंत्राला कळवितें.

२१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर एका तबकडीला आकाशाचा सुमारें २४ कला रुंदीचा तुकडा दिसतो. चंद्रबिंबाची रुंदी सुमारें ३० कला असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा तुकडा केवढा याचा अंदाज येतो. त्याच्या मध्याशीं तबकडी सर्वांत संवेदनक्षम असते. कडेकडे ही शक्ति उतरत जाते. १२ कलांनीं नेम चुकला तर लहरींचें बळ निम्में भासतें. तीस तबकड्यांपैकीं कांहीं एकीकडे व कांहीं दुसरीकडे पाहूं लागल्या तर सर्वांच्या मेळानें काढलेलें चित्र बिघडतें. म्हणून नेमांतील चूक एका कलेच्या आसपास ठेवावी लागते.

ती मोजण्याची रीत अगदीं साधी आहे. हंस तारकासमूहांतील ‘सिग्नस ए’ सारखा ज्याचें स्थान पक्कें ठाऊक आहे असा प्रखर रेडिओस्रोत निवडावयाचा. गणितानें आलेल्या दिगंश-उन्नतांशांवर तबकडी लावावयाची, आणि मग ती थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, थोडी वर, थोडी खालीं नेऊन प्रत्येक ठिकाणचें बळ टिपावयाचें. दोन्ही बाजूंस बळ सारखें उतरलें तर नेम बरोबर. एका बाजूस अधिक भरलें तर खरा मध्य त्या बाजूस आहे. हा प्रयोग आकाशाच्या सर्व भागांत पुनः पुन्हां केला म्हणजे चुकांचा एक नकाशा तयार होतो.

त्या नकाशाला भाषा असते. सर्व दिशांना सारखीच चूक येत असेल तर उत्तरेचा आरंभबिंदु सरकला आहे. एका पूर्ण फेऱ्यांत चूक एकदां वाढून एकदां घटत असेल तर उभा आंस एका बाजूस कलला आहे. तबकडी क्षितिजाकडे झुकेल तशी चूक वाढत असेल तर स्वतःच्या भारानें तिचा सांगाडा लवतो आहे. दोन आंसांमधील कोन काटकोन नसेल तर त्याचीहि खूण निराळी उमटते. प्रत्येक दोषाचें माप ठरलें म्हणजे तें गणकयंत्रांत भरतात. पुढें कोणत्याहि दिशेकडे वळतांना तितकी दुरुस्ती आपोआप होते. दुर्बीण सरळ केली जात नाहीं. तिचा वांकडेपणा हिशेबांत धरला जातो.

हा हिशेब एकदां करून कायमचा संपत नाहीं. खोडदच्या दुर्बिणीचें मोठें नूतनीकरण गेल्या दशकांत झालें. नवे ग्राहक बसले, एकाच वेळीं ३२ च्या ऐवजीं ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घेण्याची सोय झाली, आणि तबकड्या फिरविणाऱ्या यंत्रणेंतहि सुधारणा झाली. ग्राहक किंचित् बाजूस बसला तरी आकाशांतील नेम सरकतो. मोटार किंवा कोन वाचणारें यंत्र बदललें तर आरंभबिंदु बदलतो. म्हणून नवें साधन आलें कीं जुना चुकांचा नकाशा रद्द समजून तो पुन्हां काढावा लागतो.

जेथें दुर्बीण कड्यावर न फिरतां चाकांवर फिरते तेथें ही अडचण अधिकच उघड होते. अमेरिकेंतील ग्रीन बँक येथील दुर्बीण सुमारें १०० मीटर व्यासाची असून तिचा सात हजार टनांहून अधिक भार १६ पोलादी चाकांवर आहे. हीं चाकें ६४ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रुळावरून धांवतात. दुर्बीण २००० मध्यें उभी राहिली. पण थोड्याच वर्षांत रुळाच्या वरच्या पोलादी पट्ट्या झिजूं व भंगूं लागल्या. २००७ च्या उन्हाळ्यांत वेध बंद ठेवून पट्ट्या बदलण्यांत आल्या, आणि वरचे सांधे खालच्या पट्ट्यांच्या सांध्यांवर येणार नाहींत अशी नवी मांडणी झाली.

६४ मीटरांच्या रुळाची एक बाजू दुसरीपेक्षां एक मिलिमीटर खालीं असली तर सर्व दुर्बीण सुमारें तीन विकलांनीं कलते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; परंतु तीन मिलिमीटर लांबीच्या लहरींवर या दुर्बिणीला दिसणारा आकाशाचा तुकडाच सात-आठ विकलांचा असतो. म्हणून अशा दुर्बिणीवर कल मोजणारीं नाजूक यंत्रें बसवून ती सावकाश पूर्ण फेरा फिरवितात, आणि रुळाच्या प्रत्येक ठिकाणीं ती किती व कोणीकडे कलते याचा तक्ता करतात. हा झाला जमिनीचा हिशेब. त्यानंतर ज्ञात स्रोतांवर नेम धरून आकाशाचा हिशेब होतो. दोन्ही हिशेब जुळले म्हणजे दुर्बीण पुन्हां कामास लायक ठरते.

तंजावरच्या तंबूंतील फळीवर कोरलेलें वर्तुळ आणि ग्रीन बँकचा पोलादी रूळ यांच्यामध्यें दोनशें वर्षांचें अंतर आहे. वर्तुळाचा व्यास एका मीटरहूनहि कमी होता तो ६४ मीटर झाला. डोळ्याच्या जागीं विद्युत्‌यंत्र आलें. दिव्याच्या जागीं कोट्यवधि प्रकाशवर्षें दूरचा रेडिओस्रोत आला. परंतु दुरुस्त केलेल्या यंत्राला विचारावयाचा प्रश्न बदललेला नाहीं, आणि त्याचें उत्तर यंत्राच्या झळाळींत नसून त्याच्या चुकांच्या तक्त्यांत असतें हेंहि बदललेलें नाहीं. ज्याची चूक मोजली गेली आहे असें वांकडें यंत्र विश्वासाला पात्र ठरतें. ज्याची परीक्षाच झाली नाहीं असें सरळ यंत्र ठरत नाहीं.

गडचांदूरहून हिंगणघाटाकडे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेंत महाचापाची खूण दिसत नाहीं. ती साखळी तेथून बरीच पश्चिमेला राहिली. पण या मुलखाच्या नकाशावर गांवें, नद्या आणि डोंगर ज्या स्थानीं मांडलेले आहेत, त्यांचा जुना आधार त्या साखळीपर्यंत जाऊन पोंचतो. तिच्या एका भागाला आरंभीं एका वांकलेल्या वर्तुळाचा आधार होता, आणि पुढें तोच भाग पुन्हां मोजण्याची चिकाटी माणसांनीं दाखविली, ही गोष्ट हिंगणघाटच्या त्या कबरीपाशीं आठवावयास हरकत नाहीं.